ख्रिस्ती माणसाने आपल्या विश्वासाची चिकित्सा करावी का?

ख्रिस्ती घरात वाढलात, आता शंका येतात, आणि प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. मीही मंडळीतच वाढलो आणि असे प्रश्न मला अजूनही पडतात.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ पाहा. बिरुयात खुद्द पौल उपदेश करत होता, तरी तो म्हणतो ते तसंच आहे का, हे तिथले लोक रोज शास्त्र उघडून तपासत. हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना नावं ठेवत नाही, उलट त्यांचं कौतुक करतो. आणि पौल करिंथकरांना लिहितो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. आपलं म्हणणं नेमकं कुठे खोटं ठरू शकतं, हे त्याने स्वतःच दाखवून दिलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी डोळे मिटून सगळं मान्य केलं नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार या सगळ्यांवर त्या वाँटेजच्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. सिस्टरला त्यात अहंकार दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. हीच बाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतरित करायला बसली. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडला. मूळ शब्द काय आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं, आणि मला त्यातच त्यांचा विश्वास दिसतो.

आपल्याकडे मात्र उलटं होतं. बायबलमध्ये यहोशवासाठी सूर्य थांबला असं म्हटलंय, तो 'हरवलेला दिवस' नासाच्या संगणकाला सापडला, हा निरोप आमच्या प्रार्थनागटात कितीदा तरी आला. तो खोटा आहे. असा दिवस गणिताने शोधायचा तर त्याआधीची ग्रहांची स्थिती कुणीतरी स्वतंत्रपणे नोंदवलेली हवी, आणि तशी नोंद नाही. मी हे गटात लिहिलं तेव्हा काही जण दुखावले. पण जो म्हणाला 'मीच सत्य आहे', त्या येशूच्या नावाने खोटं पुढे ढकलायचं कसं?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातही नववं वचन आलं की थांबा. त्या नवव्या वचनापासूनच्या ओळी, साप हाती धरण्याच्या वचनासकट, बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन हस्तलिखितांत नाहीत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरलो होतो. आता वाटतं, हे लपवलं नाही हेच बरं.

हाच कस इतरांच्याही म्हणण्याला लावा. 'विज्ञानाने सिद्ध होतं तेवढंच खरं' असं कुणी ठामपणे म्हणालं, तर हे वाक्य कुठल्या प्रयोगाने सिद्ध झालं, एवढं शांतपणे विचारा.

तुमची शंका पुनरुत्थानाबद्दल असेल तर १ करिंथकर, अध्याय १५ पासून सुरुवात करा. एकट्याने नको. 'मला माहीत नाही' असं म्हणायला न कचरणारं एखादं वडीलधारं माणूस मंडळीत असेल, तर त्यांच्यासोबत बसून वाचा.