गाडीच्या देखभालीबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं खरं किती, खोटं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१७ ची सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतलीय. सासरे म्हणतात, रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून मग निघा. मित्र म्हणतो, समृद्धी महामार्गावर जाताना टायरमधली हवा कमी करा. गॅरेजवाला म्हणतो, दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदला. ऐकायचं कोणाचं?

मी गॅरेज लाइनमधलाच माणूस आहे, त्यामुळे असले सल्ले दिवसभर कानावर पडतात. यातले बरेचसे मुळात खोटे नव्हतेच. ते कुठल्या तरी गाडीला तंतोतंत लागू होते. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. गाड्या बदलल्या, सल्ले मात्र घराण्यात चालत आले. म्हणून कोणी काही सांगितलं की मी आधी बघतो, हा माणूस बोलतोय ते नक्की कुठल्या गाडीबद्दल.

सासऱ्यांचंच घ्या. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेल्या गाडीत सकाळी चोक ओढायचा, इंजिन तापेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा, नाहीतर पहिल्याच चौकात गाडी बंद पडायची. त्यांनी हे हाताने केलेलं असणार. तुमच्या गाडीत त्याऐवजी मोजून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आहेत. इंजिन किती थंड आहे ते सेन्सर सांगतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल सोडलं जातं. सुरू करा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा, तेवढ्या वेळात ऑइल वरपर्यंत पोचलेलं असतं. मग निघा, फक्त पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन ओरडवू नका. जागेवर उभी ठेवून गाडी तापायला उलट जास्त वेळ लागतो. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल दिलं जातं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. पाच मिनिटांत फायदा कोणाचा होत असेल तर पेट्रोल पंपाचा.

याची उलटी बाजू मात्र फारसं कोणी सांगत नाही. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) असलेली गाडी घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवरून पळवून आणली असेल, तर थांबल्याबरोबर चावी फिरवू नये. अर्धा-एक मिनिट तशीच चालू राहू द्यावी. टर्बो तापलेला असतो आणि इंजिन बंद झालं की त्याचं ऑइलही थांबतं. तुमच्या गाडीला टर्बो नसेल तर सोडून द्या.

आता हवेबद्दल. इथे जरा थांबून सांगतो, कारण बाकीच्या गैरसमजांत पैसे जातात, या एकात जीव जाऊ शकतो.

मित्राचं म्हणणं असं असणार: उन्हाळा, सिमेंटचा रस्ता, वेग १२०, टायर तापणार, हवा फुगणार, टायर फुटणार. म्हणून आधीच पाच-सात पॉइंट कमी करून निघायचं. ऐकायला अगदी पटतं. हवा फुगते हेही खरं आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने (पंपावर ज्याला पॉइंट म्हणतात त्याने) वाढतो, आणि लांबच्या पल्ल्यात चार-सहा पीएसआय सहज वाढतात. पण टायर बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. तुमच्या टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ असा एखादा कमाल आकडा दिसेल, आणि आपण भरतो ३०-३३ च्या आसपास. मधे बरीच जागा आहे.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा उलट कारणाने. हवा कमी असली की टायर रस्त्याला टेकतो तिथे जास्त चपटा होतो, त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि सरळ होते. १२० च्या वेगाला हे सेकंदाला साधारण सतरा-अठरा वेळा होतं. त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते, ती आतल्या थरांना सोडवत जाते आणि शेवटी टायर चिरफाळतो. म्हणजे तापू नये म्हणून हवा कमी केली आणि त्यामुळेच तो जास्त तापला. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ पासून सलग खुला आहे. तासन् तास एकाच वेगाने पळायची सवय आपल्या गाड्यांनाही नव्हती आणि आपल्यालाही. तिथे पंक्चर काढलेले, बाजूला फुगवटा आलेले, सात-आठ वर्षांचे टायर घेऊन जाणं हा खरा धोका.

मग हवा किती? ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे लिहिलेले असतात, बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी वेगळे. तेवढीच भरा, आणि सकाळी टायर थंड असताना. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना ३५ मारतो, त्याला आकडा आपण सांगायचा. पावसाळ्यात ग्रिपसाठी हवा कमी करतात तेही चुकीचंच. कमी हवेचा टायर पाणी नीट कापत नाही, त्यावर तरंगायला लागतो.

टायर किती जुना आहे ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बाजूवर डीओटी अशी अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘३११७’ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेतलीत म्हणून मुद्दाम सांगतोय, आजच खाली वाकून बघा. नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नका. कमी चाललेल्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असतानाच कडक होतं. स्टेपनीही बघा, ती बहुतेकदा गाडीइतकीच जुनी असते. आणि दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाका. पुढे टाकावेत असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, कारण स्टिअरिंग पुढे आहे. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सांभाळता येते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि तिथे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

नायट्रोजन भरून नुकसान काही नाही, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. नायट्रोजनवर साधी हवा चालत नाही असं समजून कमी हवेत गाडी पळवत नायट्रोजनचा पंप शोधणारे लोक मी पाहिलेत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टायरइतकाच धोकादायक दुसरा गैरसमज म्हणजे घाट उतरताना न्यूट्रल. कार्ब्युरेटरच्या काळात यातून थोडं पेट्रोल वाचायचं, म्हणून ही सवय लागली. इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटं आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि इंजिनाला चाकंच फिरवत ठेवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. विश्वास बसत नसेल तर मीटरवर चालू मायलेज दाखवायची सोय असते तिथे बघा. आंबा घाट तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरताना आकडा पार टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रल केलं की तिथून खाली येतो. पेट्रोलचं सोडाच, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पायाखाली मऊ लागतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जुन्या ड्रायव्हर लोकांचा ‘ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं’ हा नियम मात्र आजही बावनकशी आहे.

ऑइल. गॅरेजवाला तुम्हाला फसवतोय असं मी लगेच म्हणणार नाही. साध्या मिनरल ऑइलच्या काळात ५,००० बरोबर होतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असेल. त्याच पुस्तकात पुढे कठीण वापराचं एक कलम असतं, ते कोणी वाचत नाही: सतत धूळ, ट्रॅफिकमध्ये रांगणं, इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. तुमची गाडी मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढंच करत असेल, तर लवकर बदलणं योग्य. महिन्यातून दोनदा गावी हायवेने जात असाल तर पुस्तक पाळा. ‘वर्षभरात तीन हजारच झाले, कशाला बदलू’ हेही चुकतं. ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. काळं दिसलं म्हणून खराब झालं असं मात्र नाही, काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकू’ असं कोणी म्हणालं तर आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दाखवा. ऑइल कमी होत नसेल तर पुस्तकातला ग्रेड सोडू नका. हल्लीच्या इंजिनात बारीक वाटा असतात, पातळ ऑइल धरूनच आखलेल्या.

कूलंटबद्दल नेहमीचं वाक्य: आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणी टाका. बर्फाचा संबंध फार थोडा. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं आणि आतल्या धातूला गंज लागत नाही. बोअरचं पाणी टाकलंत तर गीझरच्या कॉइलवर चढतो तोच पांढरा थर रेडिएटरमध्ये चढतो. अडीअडचणीला, गाडी तापून रस्त्यात उभी असताना, पाणी चालेल. पण इंजिन निवल्याशिवाय टोपण उघडू नका, नंतर सगळं काढून कूलंट भरून घ्या.

पेट्रोल पंपावरच्या गोष्टी भराभर उरकतो. शंभरऐवजी एकशेदहाचं मागितलं की चोरी होत नाही, ही समजूत. मशीन लिटर मोजतं, रुपये त्यावरून निघतात. त्यात कोणी गडबड केलीच असेल तर ती एकशेदहालाही लागू होईल. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागा, तो तुमचा हक्क आहे. पहाटे पेट्रोल घट्ट असतं म्हणून जास्त मिळतं, हेही तसंच. टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत नाममात्र फरक. नॉझल टक् करून बंद झाल्यावर गळ्यापर्यंत भरू नका, वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरतं. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, पुस्तकात सांगितलेलं नसेल तर, तुमच्या गाडीला काही देणार नाही.

ई-२० वरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. इंजिन आठवड्यात बसतं असं नाही. काहीच फरक नाही असंही नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच, ते गाडीचा दोष समजू नका. तुमची गाडी ई-२० साठी बनलेल्या गाड्यांच्या आधीची आहे, म्हणून सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील बघायला सांगा. आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, इथेनॉल ओल ओढतं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाशी यावर वाद घालू नये, एवढा व्यवहार मी शिकलोय.

धुण्याच्या बाबतीत एकच सांगतो. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल फवारतात, ते करू देऊ नका. चकाकतं छान, पण रबरी बुश फुगतात आणि वर धूळ चिकटून बसते. त्याऐवजी कोकणात किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर परत आल्यावर खालून साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्या.

पावसाळ्यात एसी बंद ठेवायचा, असंही तुम्हाला कोणी सांगेलच. काचेवर वाफ धरते ती एसीनेच उतरते, तेव्हा बिनधास्त लावा.

राहिलं ब्रेक ऑइल. याबद्दल ना समज ना गैरसमज, कारण विषयच निघत नाही. ते हवेतली ओल शोषत राहतं, ओल वाढली की घाटात तापल्यावर लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आधीच्या मालकाकडच्या सर्व्हिसच्या पावत्या मिळाल्या असतील तर त्यात ही नोंद शोधा. सापडली नाही, तर या आठवड्यात बदलून घ्या आणि मगच समृद्धीवर निघा.