स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर वाढला, म्हणून गोळी बंद करायची का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे, अमळनेरला असतात, दीड वर्षापासून रोज रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) २० मिग्रॅ घेतात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२ वरून ६६ वर आलं, पण जळगावला दुसऱ्यांदा काढलेल्या सीटीत कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा) ११८ चा १५५ झाला. आता घरात गोळी बंद करायची चर्चा चालू आहे.

गोळी बंद करू नका. स्टॅटिन घेणाऱ्यांत हा आकडा वाढणं नेहमीचं आहे, त्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरत नाही.

हा स्कोअर डाय (रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेत टोचायचं औषध) न देता काढलेल्या सीटीवरून निघतो. १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीतलं दाटपणाचं माप) वर चमकणारा भाग तेवढा त्यात धरतात, आणि जितका तो दाट तितके गुण जास्त. मऊ, चरबीचा प्लाक (रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला थर) त्याला दिसतच नाही. हार्ट अटॅक मात्र बहुतेक वेळा पातळ आवरणाचा हाच मऊ प्लाक फुटून येतो. एलडीएल उतरलं की प्लाकमधली चरबी आणि सूज कमी होते, आवरण जाड होतं आणि उरलेला भाग कॅल्शियम धरून घट्ट होतो. सीटीवर पांढरं वाढतं ते यामुळे. २०१८ च्या पॅराडाइम अभ्यासात त्याच रुग्णांची सीटी अँजिओग्राफी (डाय देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी) किमान दोन वर्षांनी परत केली होती. स्टॅटिनवाल्यांत एकूण प्लाक सावकाश वाढला, कॅल्शियमचा भाग जास्त वाढला, प्लाकमध्ये धोक्याच्या नव्या खुणा कमी दिसल्या.

प्लाक खरंच घटतो का, हे आयव्हसने मोजतात. सोनोग्राफीचं टोक असलेली बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीत घालून ठरावीक वेगाने, बहुधा सेकंदाला ०.५ मिमी, मागे ओढतात. २००६ च्या अ‍ॅस्टेरॉइड अभ्यासात रोसुवास्टॅटिन ४० मिग्रॅने २४ महिन्यांत एलडीएल सुमारे १३० वरून ६१ वर आलं, तरी रक्तवाहिनीतलं प्लाकचं प्रमाण सरासरी एका टक्क्याच्या आसपासच घटलं. एवढंसंच वाटेल, पण खरा फरक आवरणात पडतो. ते ओसीटीत (नळी घालून आतून प्रकाशाने चित्र काढायची तपासणी) दिसतं, कारण ती १०-२० मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) बारीक टिपते. ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ आवरण धोक्याचं. २०२२ च्या पॅकमन-एएमआय अभ्यासात ५२ आठवड्यांत आवरण नुसत्या रोसुवास्टॅटिनने सुमारे ३३ मायक्रॉन जाड झालं, एलडीएल उतरवणारं अलिरोक्युमॅबचं इंजेक्शन जोडल्यावर सुमारे ६३. या दोन्ही तपासण्यांना कॅथेटर घालावं लागतं, तेव्हा गोळीचा गुण बघायला म्हणून त्या करून घेऊ नका.

स्टॅटिनवर असताना कॅल्शियम स्कोअर परत परत काढण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी पुढे सीटी अँजिओग्राफी सांगितलीच, तर तुलना जमण्यासाठी मशीन तेच आणि केव्हीही (क्ष-किरणांचा व्होल्टेज) तोच हवा. पहिली १२० केव्हीवर आणि दुसरी १०० वर झाली, तर डाय आणि कॅल्शियम दोन्ही जास्त उजळ दिसतात आणि प्लाक बदलला नसतानाही आकडे बदलतात. नाडी ६० च्या आसपास लागते, नाहीतर चित्र हलतं. त्यासाठी आधी बीटा-ब्लॉकर देतात. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, म्हणून सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर लाज न धरता सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी तपासा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर विचारून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात अमळनेरहून एसटीने घसा कोरडा करत जाऊन डाय टोचून घेणं मूत्रपिंडाला बरं नाही. सकाळची वेळ घ्या, उपाशी राहायला सांगितलं तरी पाणी चालतं का ते विचारून पीत राहा. रिपोर्टमध्ये नुसतं '३० टक्के ब्लॉकेज' नको, प्लाक कोणत्या प्रकारचा आणि किती ते लिहून मागा. फिल्मवर भागवू नका, सीडी घ्या. पुढची तुलना तिच्यावरूनच होते.

आखाजीला, लग्नसराईला पाहुण्यांकडे गेलं की गोळीचं पाकीट घरीच राहतं. गोळी सुटली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जुन्या आकड्यावर जातं. वडिलांच्या पिशवीत गोळ्यांची एक स्ट्रिप जास्तीची ठेवा आणि लिपिड प्रोफाइल सहा-बारा महिन्यांनी करत राहा. चालताना छातीत दाटलं किंवा दम लागला, तर मात्र कुठल्याही स्कोअरची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.