फ्लेक्सवर मुलगा आहे, पत्रात नाही

नमस्कार,

सांगोला तालुक्यातून तुम्ही पाठवलेलं चार पानी पत्र मिळालं. मुलगा 19 वर्षांचा, बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षी 56 टक्के. त्याला 2029ला विधानसभेला उतरवायचाच असं तुम्ही ठरवलंय. त्यासाठी अ‍ॅग्री सोडवून राज्यशास्त्राला घालू की वकिलीला, असं विचारलंय. सोबत वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो जोडलाय. त्यावर पांढरा कुर्ता, हात जोडलेले आणि खाली ‘भावी आमदार’.

56 टक्क्यांचं सोडून द्या. मला काळजी वाटते ती या चार पानांची. ‘मी ठरवलं’, ‘आमच्या घराण्याचं नाव’, ‘पाहुण्यांत शब्द दिलाय’ असं सगळं त्यांत आहे, पण मुलाच्या तोंडचं एक वाक्य नाही. त्याला विचारलंत का, तो काय म्हणाला, चिडला की हसला, काहीच नाही. त्याच्याविषयी दोनच ओळी सापडल्या. पहिली, ‘तो गप्प असतो, पण भाषणाचा क्लास लावू.’ दुसरी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय: ‘सुट्टीला आला की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची ई-पीक पाहणी करत लोकांच्या बांधावर उभा असतो, फार्मर आयडी काढून देतो, तेही फुकटात.’

त्या दुसऱ्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. रेंज नसलेल्या रानात पीकनोंदीसाठी दुसऱ्याच्या तुरीचा फोटो अपलोड होईपर्यंत ताटकळणारा, त्या म्हातारीचा गट नंबर तिच्या सातबाऱ्यावरून पुन्हा तपासणारा पोरगा तुम्हाला वाया चाललेला वाटतो? आमदाराच्या घरासमोर सकाळी जी रांग लागते, तिच्यातली निम्मी माणसं असलीच कामं घेऊन आलेली असतात. एवढ्यावरून लगेच ‘म्हणजे तो आमदार होणारच’ असा अर्थ काढू नका. त्याला यातून कृषी विस्ताराचं काम करावंसं वाटेल, शेतकरी उत्पादक कंपनी काढावीशी वाटेल, कदाचित नुसती चांगली शेती करावीशी वाटेल. ते तोच सांगू शकेल.

आता 2029चं. विधानसभेला उभं राहायला उमेदवाराची 25 वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मुलगा तेव्हा जेमतेम 22चा असेल. अर्ज छाननीतच बाद होईल. म्हणजे वेळेवर निवडणुका झाल्या तर 2034. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेला 21 चालतात, पण त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. थेट मुंबई.

तासगावच्या रोहित पाटलांचं उदाहरण तुम्ही दिलंय. खरं आहे, 2024ला ते पंचविशीत निवडून आले. पण त्यांच्या आधी त्याच मतदारसंघात आई आमदार होत्या आणि त्यांच्याही आधी वडील, म्हणजे आर. आर. पाटील. ते कमवा आणि शिका योजनेत शिकले, 1979 ते 1990 जिल्हा परिषदेत होते आणि मग विधानसभेत गेले. मुलाची पंचविशी तुम्हाला दिसली, बापाची ती अकरा वर्षं दिसली नाहीत. आणि तासगावला कशाला जायचं? गणपतराव देशमुख तुमच्याच तालुक्याचे. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, शिक्षण वकिलीचं, पक्ष शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), म्हणजे सत्तेचं वारं बहुतेक वेळा उलटंच. 1962ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. मधे 1972 आणि 1995ला पडलेही. पडले म्हणून आटपाडीच्या पाणी परिषदेला जायचे थांबले नाहीत की टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचा पाठपुरावा सोडला नाही. 2019ला नातू उभा राहिला, तेव्हा एवढं नाव पाठीशी असूनही हजाराच्या आत मतांनी पडला. घरात जागा आली ती 2024ला, दुसऱ्या नातवामुळे. तुमच्या घराण्याचं नाव किती मोठं आहे मला माहीत नाही, पण गणपतरावांपेक्षा मोठं नसावं.

पत्रातल्या एका वाक्याने मात्र मी दचकले. ‘डाळिंबाच्या बागेतले दोन एकर विकायला काढलेत, एका टर्ममध्ये निघून येतील.’ कुठून निघून येतील? आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो हे तुम्ही ऐकलेलं दिसतंय. तो निधी आमदाराच्या खात्यात येत नाही. आमदार कामं सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम यंत्रणा करते आणि बिल ठेकेदाराला मिळतं. आमदाराच्या हातात कायद्याने येतं ते मानधन, भत्ते आणि पुढे पेन्शन. निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे आणि त्याच्या कितीतरी पुढे खर्च जातो हे तुमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग तुमचे दोन एकर निघणार ते ठेकेदाराच्या टक्क्यांतूनच ना? एकोणीस वर्षांच्या मुलाला कुठला भ्रष्टाचार करायला लावायचा, हे बापाने कागदावर मांडून माझ्याकडे मार्गदर्शन मागितलंय. हे मी कडक बोलते आहे, पण तुम्ही लिहिलेलं तेच आहे.

कोर्सचं दोन ओळींत सांगते. आमदार व्हायला कुठलीच पदवी लागत नाही. राजकारणाचं शिक्षण द्यायला पुण्यात एमआयटीचं स्कूल ऑफ गव्हर्नमेंट आहे, भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे, मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीला 60 टक्के लागतात, वकिली पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांत होते. यातलं काहीही अ‍ॅग्री पूर्ण करून करता येतं. कॉलेजातल्या निवडणुकांतून पुढारी घडायचे तो रस्ता तर 1994च्या विद्यापीठ कायद्यापासूनच बंद झाला. त्यामुळे सुरुवात गावातच होते आणि ती कदाचित त्याने न सांगता केलेली आहे. अ‍ॅग्री सोडवू नका.

आता जे विचारलं नाहीत ते सांगते. तिसऱ्या पानावर जाता जाता तुम्ही लिहिलंय की 2017ला सरपंचपदाला तुम्ही पडलात आणि ‘तेव्हापासून डोक्यात हेच आहे’. मग उभे तुम्हीच राहा ना! तुमचं वय 47. गणपतराव नव्वदी ओलांडल्यावरही विधानसभेत बसत होते आणि वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. लोकांसमोर जायची हौस तुमची, हरलेली निवडणूक तुमची, पाहुण्यांत शब्दही तुम्हीच दिलेला. त्यात मुलाचा फोटो कशाला? पुढच्या ग्रामपंचायतीला स्वतःचा अर्ज भरा. तोवर गावात कुणाची कामं अडलीत ते मुलाला विचारा, यादी त्याच्याकडे तयार असणार.

जमिनीचा व्यवहार थांबवा. इसार घेतला असेल तर परत करा, थोडं नुकसान झालं तरी. फ्लेक्स आजच उतरवा, कॉलेजातली पोरं त्याला त्या नावाने हाक मारत असतील. आणि त्याला काही विचारायचं असेल तर त्याने स्वतः लिहावं. त्याला मी वेगळं उत्तर देईन, आणि ते तुम्हाला दाखवायचं की नाही हे तोच ठरवेल.