साताऱ्यात दोन दिवस: मुक्काम कुठे कराल?

पहिल्यांदाच येताय, तर खोली ठरवताना भाड्याआधी नकाशा बघा. महामार्गालगतची हॉटेलं गाडी असलेल्यांना सोयीची. तुम्ही एसटीने येणार असाल, तर तिथून दर वेळी गावात यायला रिक्षा करावी लागेल. रेल्वे स्टेशनही गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला. तिकडे राहूच नका.

माझ्या मते पोवई नाका ते बसस्थानक हा पट्टा सगळ्यात उत्तम. पुणे-कोल्हापूरच्या गाड्या हाकेच्या अंतरावर, शिवाय सामान ठेवून लगेच फिरायला मोकळे. राजवाडा परिसराचं आकर्षण वेगळंच आहे, हे मान्य. मोती चौकातला बाजार, कंदी पेढे, जुने वाडे, सगळं पायी होतं. समर्थ मंदिराच्या पुढे एक रस्ता बोगद्यातून सज्जनगडाकडे जातो, दुसरा यवतेश्वराच्या घाटाने कासच्या फुलांच्या पठाराकडे. गाव अनुभवायचंच असेल तर खुशाल राजवाड्याजवळ राहा. फक्त वर्दळ सोसायची तयारी हवी.

सप्टेंबरात फुलांसाठी येणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, खोली आधीच ठरवा. आणि हॉटेलवाल्याला फोनवर एवढं नक्की विचारा: ‘स्टँडवरून चालत किती मिनिटं?’ ‘जवळच आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.