घरच्या भोपळ्याचं बी: फूल आदल्या संध्याकाळी बांधा

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये लाल भोपळा लावतो. गेल्या वर्षीचं फळ गोल, केशरी गराचं आणि गोड होतं, म्हणून त्याचंच बी ठेवलं. यंदा त्याच बियांच्या वेलावर लांबट, फिक्या गराची, पाणचट फळं धरली. माती, खत, पाणी सगळं तेच. मग बिघडलं कुठे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: मातीत किंवा खतात दोष नाही. भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, मधमाश्याच तो इकडून तिकडे नेतात. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या वाणाचा वेल असला, तर त्याचा पराग तुमच्या मादी फुलावर सहज पोचतो. फळाची साल आणि गर मात्र आईच्या वेलाचाच असतो. म्हणून गेल्या वर्षी तुम्हाला काहीच फरक जाणवला नाही. संकर झाला होता तो आतल्या बियांत, आणि तो यंदा दिसला.

आधी एक गोष्ट तपासा. मूळ पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ छापलं असेल, तर कितीही काळजी घेतली तरी त्याचं बी आईसारखं निघणार नाही. बी धरायचं तर ‘अर्का चंदन’सारखं सरळ वाण (संकरित नसलेलं, ज्याचं बी आईसारखं निघतं) किंवा खात्रीचं गावठी बी घ्या.

पायाभूत बियाण्याच्या, म्हणजे ज्यापासून पुढचं बियाणं तयार करतात त्याच्या, प्रमाणीकरणासाठी दोन वाणांत 1000 मीटर अंतर ठेवतात. मुंबईत ते कुणालाच जमणार नाही. इथे उपाय एकच, हाताने परागीभवन.

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास वेल नीट पाहा. ज्या कळीचं टोक हिरव्याचं पिवळं झालंय आणि पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या आहेत, ती उद्या पहाटे उमलणार. मादी कळीच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो, नर कळी नुसत्या लांब, बारीक देठावर असते. एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या निवडा. नर कळ्या त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या मिळाल्या तर उत्तम. प्रत्येकीच्या टोकाला औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी गुंडाळा.

सकाळी आठच्या आत काम उरका, कारण दहापर्यंत फुलं मिटायला लागतात. नर फूल देठासकट तोडून पाकळ्या सोलून टाका. आतल्या दांड्याला बोट लावल्यावर पिवळी पूड आली पाहिजे. मग मादी फुलाची पट्टी सोडवा आणि मधल्या गोंड्याच्या तिन्ही भागांवर ती दांडी हळूच फिरवा. एक भाग कोरडा राहिला तर फळ वेडंवाकडं वाढतं. एका मादी फुलाला किमान दोन नर फुलं वापरा. लगेच पाकळ्या परत मिटवून पट्टी लावा. ही पायरी बरेच जण विसरतात, आणि पाचच मिनिटांत माशी येऊन सगळी मेहनत वाया घालवते. रात्रीतून फाटलेलं किंवा उघडलेलं फूल वापरूच नका. शेवटी फळाच्या देठाला रंगीत लोकर सैल बांधा. देठ पुढे जाड होतो, म्हणून सैल.

चार-पाच दिवसांत ते फळ पिवळं पडून गळलं, तर बहुधा वेलावर आधीच दुसरं फळ पोसतंय. ते काढून भाजीला घ्या आणि नव्या फुलावर पुन्हा प्रयत्न करा. पराग पावसाने भिजला तरीही फळ धरत नाही.

प्रश्न: एकाच मांडवावर भोपळा, दुधी आणि दोडका आहे. एकमेकांमुळे बी बिघडेल का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर: नाही. तिन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी वेगळ्या प्रजाती आहेत, त्यांचा आपसात संकर होत नाही. दोडका आणि घोसाळं मात्र शेजारी लावू नका, त्यांचा होऊ शकतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून त्याच्या कळ्या दुपारी चारला बांधायच्या आणि पराग तिन्हीसांजेला लावायचा.

आणि एक कळकळीचं सांगणं. घरच्या बियांवरचा दुधी असो वा भोपळा, चिरल्यावर कच्चा कण जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर अख्खं फळ फेका. शिजवून तो कडूपणा जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत.

प्रश्न: बी वाळवून डब्यात ठेवलं की पावसाळ्यात बुरशी येते. (एक वाचक, दादर)

उत्तर: बियांसाठीचा वेल जानेवारीत लावा, म्हणजे फळ मेपर्यंत, पावसाआधी पिकतं. सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ वाळून लाकडासारखा झाला की फळ काढा. लगेच चिरू नका. तीन आठवडे घरात हवेशीर जागी ठेवा, त्या काळात आतलं बी भरत राहतं.

बी चाळणीत चोळून धुवा आणि स्टीलच्या ताटात, पंख्याखाली, सावलीत एकेरी पसरा. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतं. रोज उलथापालथ करा. पाण्यात तरंगलेलं बी सरसकट फेकू नका, भोपळ्याचं चांगलं बीही तरंगतं. पोकळ, चपटं बी बोटांनी चाचपून वेगळं काढा. वाकवल्यावर कटकन मोडलं तर ते वाळलं. नुसतं वाकलं तर आणखी वाळवा. तुमची बुरशी बहुधा इथूनच येते.

काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसोबत भरा, वाण आणि वर्ष लिहून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. चार-पाच वर्षं उगवण टिकते. बाहेर काढल्यावर बाटली तासाभराने, गार लागेनाशी झाल्यावरच उघडा, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट बियांवर धरतं.