डिप्लोमसी या पटावरच्या युद्धखेळात वाट्याला ऑस्ट्रिया आला की दोन वर्षांत साफ होतो. 1901 मध्ये, म्हणजे डावाच्या पहिल्या वर्षी, काय खेळावं आणि युती कुणाशी? (बेळगाव, सातजणांचा रविवारचा डाव)

आधी इटली सांभाळा की ओ! तुमचं ट्रिएस्ट आणि त्याचं व्हेनिस लागून आहेत. तिथं दगा झाला तर डाव तिथंच आटोपतो. पुढ्यात कुंदा ठेवा, काहीही करा, पण पहिलं बोलणं त्याच्याशी.

वसंतात बुडापेस्ट ते सर्बिया, ट्रिएस्टचं आरमार अल्बेनियात, व्हिएन्ना ते गॅलिशिया. रशियानंही वॉर्सातून गॅलिशिया धरला तर टक्कर होऊन दोघं जागच्या जागी. तेच हवंय.

शरदात अल्बेनिया ते ग्रीस, सर्बियातल्या सेनेचा पाठिंबा (त्या चालीला जादा जोर). सर्बिया हलत नाही, म्हणून दोन्ही केंद्रं (जितकी केंद्रं, तितकं सैन्य) तुमची: तीनाची पाच. पाठिंब्याच्या चिठ्ठीवर ‘अल्बेनिया ते ग्रीस’ असंच लिहा; नुसतं ‘ग्रीसला पाठिंबा’ फुकट जातं. तुर्कानं बल्गेरियातून सर्बियावर धडक मारली तर पाठिंबा तुटतो. त्याच वेळी इटली आयोनियनमधून ग्रीसवर आला की तुम्ही अल्बेनियातच.

हिवाळ्यात नवं सैन्य फक्त रिकाम्या घरच्या केंद्रांत उभं राहतं; सेना व्हिएन्नात असेल तर बुडापेस्ट, ट्रिएस्ट.

रशियाशी तुर्काविरुद्ध बोला, पण लेखी कराराला इथं कवडीची किंमत नाही.