मुलाखतीला जाताना उत्तरं पाठ करू नका, केलेलं काम आठवा

तुम्ही लिहिलंय की तयारी चांगली असते, उत्तरंही देता येतात, तरी मुलाखत दिलेल्या दोन्ही ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कळवलंच नाही. मी बरीच वर्षं मुलाखती घेतोय, तेव्हा समोर बसणाऱ्याला काय दिसतं ते सांगतो.

नीटनेटके कपडे, थोडं आधी पोहोचणं, फोन बंद, हे तुम्ही करतच असाल. गाडी अडते ती उत्तरांत. "कामात अडचण आली तेव्हा काय केलंत?" असं विचारलं की दहातले आठ जण "मी टीम प्लेअर आहे, प्रेशरमध्ये काम करू शकतो" म्हणतात. यातून मला काहीच कळत नाही. हेच कुणी असं सांगतं: "महिनाअखेरचे आकडे जुळत नव्हते. मी सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर एकच बिल दोनदा चढलं होतं. साहेबांना लगेच सांगितलं आणि पुढच्या महिन्यापासून बिल नंबर ताडून बघायला लागलो." तीन वाक्यं, पण माणूस कसा काम करतो ते कळलं. मग मी त्यातलंच पुढचं विचारतो, आणि स्वतः केलेलं काम असल्यामुळे त्याची भीडही आपोआप चेपते. असे चार-पाच प्रसंग आठवून ठेवा. नोकरीचा अनुभव नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, काहीही चालेल. फक्त सांगताना "आम्ही केलं"वर थांबू नका, त्यात तुम्ही काय केलंत ते सांगा.

प्रश्न पूर्ण ऐका. मध्येच तोडून बोलू नका. उत्तराआधी दोन-चार सेकंद शांतता राहिली तर बिघडत नाही, उलट विचार करून बोलणारा माणूस मला आवडतो. येत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, पण अमुक वापरलंय" असं सरळ सांगा. थापा पुढच्याच प्रश्नाला उघड्या पडतात, आणि मग आधीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते. रेझ्युमेत लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोलता आलं पाहिजे, नसेल तर ती ओळ काढून टाका.

जुन्या साहेबांची उणीदुणी काढू नका, ते कितीही वाईट वागले असले तरी. नोकरी का सोडली याचं कारण एका वाक्यात सांगा आणि पुढे व्हा.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हटल्यावर "नाही" म्हणून उठू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे, ही जागा नवीन आहे की कुणी सोडल्यामुळे रिकामी झाली, हे जरूर विचारा. नोकरी घ्यायची की नाही हे तुम्हालाही ठरवायचं असतंच ना! आणि निकाल कधीपर्यंत कळेल तेही तिथेच विचारून घ्या. ती तारीख उलटली की एक छोटा मेल टाकायला काहीच हरकत नाही.